घटक चाचणी

माझ्या हातून एका मुलीच्या नावातला क़ाफ हरवला होता. ती चूक एका अक्षराची, पण तिने मला बरेच काही शिकवले.

2019 सालची गोष्ट. नागपुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी नववीची वर्गशिक्षिका होते. शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि शेवटची तारीख तोंडावर आलेली. शाळेत चालू स्थितीतला संगणक एकच. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नावे उर्दूत, हजेरीची यादी मराठीत आणि अर्ज मात्र इंग्रजीत. मी समोरची मराठी यादी घेतली आणि भराभर नावे टाकत गेले. एका मुलीचे आडनाव कुरेशी. मी 'के'ने सुरुवात केली. आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर ते 'क्यू'ने होते. उर्दूत काफ आणि क़ाफ ही दोन वेगळी अक्षरे आहेत, हे मी रोज पाचवीच्या मुलांना घोकून घ्यायला लावते. मराठीत आले की दोन्हींचा 'क' होतो. तिथेच माझा घात झाला.

पैसे आले नाहीत. मुलीची आई दोनदा शाळेत आली. वडील फळांची गाडी लावायचे. नाव दुरुस्तीसाठी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करायचे, झेरॉक्स काढायच्या, या खिडकीवरून त्या खिडकीवर जायचे, यात त्यांची तीन दिवसांची कमाई बुडाली. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. "बाजी, आपने जानबूझके थोडीच किया," एवढेच म्हणाले. बोलले असते तर बरे झाले असते. आमच्या वस्तीत कागदावरच्या एका अक्षराची धास्ती काय असते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्या रात्री जेवताना मी हे घरी सांगितले. माझी धाकटी नणंद, जिला आम्ही सगळे छोटी म्हणतो, ती तेव्हा नुकतीच परसोडीकडच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत लागली होती. दहावीपर्यंत तीही उर्दू माध्यमातच शिकली. तिचे काम काय, हे घरात कोणालाच नीट कळत नसे. सासूबाई शेजारणींना सांगत, "कंप्यूटर का इम्तिहान लेती है." ते अगदी बरोबर होते, हे मला पुढे कळले.

छोटी म्हणाली, "भाभी, ही चूक तुमची नाही, तुमच्या पद्धतीची आहे. आमच्याकडे माणसाच्या लक्षात राहण्यावर कोणी काही सोडत नाही."

मग तिने जे सांगितले ते माझ्या शब्दांत मांडते. एका सॉफ्टवेअरवर वीस-पंचवीस माणसे एकाच वेळी काम करतात. पूर्वी ज्याने-त्याने आपापला भाग महिनोन्‌महिने लिहायचा आणि शेवटी सगळे जोडायचे, अशी रीत होती. जोडताना याचे त्याच्याशी जमत नसे आणि चूक नेमकी कोणाची हे शोधण्यात आठवडे जात. म्हणून सतत जोडणीची कल्पना पुढे आली. हा शब्दप्रयोग ग्रेडी बूच यांनी 1991 मध्ये केला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी केंट बेक आणि त्यांच्या साथीदारांनी तो रोजच्या शिस्तीत बसवला. प्रत्येकाने आपले काम रोज मुख्य साठ्यात आणून टाकायचे. टाकले की यंत्र आपोआप सगळा प्रोग्राम पहिल्यापासून बांधते, याला ते 'बिल्ड' म्हणतात, आणि मग ठरलेल्या चाचण्या घेते. सगळे ठीक असेल तर हिरवी खूण, एकही चाचणी नापास झाली तर लाल. लाल दिसले की आधी ते दुरुस्त करायचे, मग पुढचे काम.

"सगळ्यात लहान चाचणीला आम्ही युनिट टेस्ट म्हणतो," ती म्हणाली. मला हसू आले. आम्ही वर्षभर घेतो ती घटक चाचणी आणखी काय आहे? एक घटक शिकवला की लगेच तपासायचा, वार्षिक परीक्षेची वाट पाहायची नाही.

लाल दिसले की थांबायचे, हे ऐकून मला माझे दादा आठवले. मोमीनपुऱ्यात ते हातमागावर लुगडी विणत. ताण्यातला एक धागा तुटला की त्यांचा हात जागच्या जागी थांबे. गाठ मारल्याशिवाय धोटा पुढे जात नसे. छोटीने सांगितले की जपानच्या साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला, त्यांचा 1924 चा माग त्यासाठी प्रसिद्ध आहे. टोयोटा मोटार कंपनी त्याच घराण्यातून उभी राहिली आणि चूक दिसताच काम थांबवण्याचे तत्त्व तिथून पुढे सॉफ्टवेअरवाल्यांपर्यंत आले. म्हणजे नणंदेच्या नोकरीचे मूळ शेवटी विणकराच्या मागातच निघाले.

तरी माझा खरा प्रश्न वेगळा होता. प्रत्येक वर्गशिक्षकाने अशी तपासणी आपापली बसवायची म्हटली तर कोण बसवणार? छोटी म्हणाली, "हाच तर आमचा रोजचा झगडा आहे." एका कंपनीत तीस-चाळीस प्रकल्प असतात. प्रत्येकाची बिल्ड आणि चाचणीची कृती वेगळ्या फाईलमध्ये लिहिलेली, बहुतेक एकमेकांची पाहून उतरवलेली. एक नियम बदलला की चाळीस ठिकाणी बदलावा लागतो आणि दोन-चार जागा राहून जातातच. त्यावर उपाय असा, की कृती एकदाच, एकाच जागी लिहायची. तिला नाव द्यायचे. तिला काय द्यावे लागेल, ती कोणत्या पायऱ्यांनी चालेल आणि शेवटी काय परत करील, हे स्पष्ट करायचे. जिथे प्रकल्पाप्रमाणे फरक पडतो तिथे फक्त रिकामी जागा ठेवायची. मग प्रत्येक प्रकल्पाने ती कृती नावाने बोलवायची आणि आपल्यापुरती रिकामी जागा भरायची. पासवर्डसारखी गुपिते कृतीत कधीच लिहायची नाहीत, ती बाहेरून द्यायची.

बी.एड.ला आम्ही प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता शिकलो होतो. घटक बदलतो, इयत्ता बदलते, पण ज्ञान, आकलन, उपयोजन यांचा भारांश कसा मांडायचा याचा साचा एकच. मला गोष्ट पटली.

ही कल्पना काही कालची नाही. 1976 मध्ये बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ एक चूक शोधण्यात वाया गेली होती. चूक आधीच दुरुस्त झाली होती, पण दुरुस्त केलेला भाग पुन्हा बांधायचाच राहिला होता. तेव्हापासून बांधणीच्या पायऱ्या लिहून ठेवून यंत्राकडून करून घेण्याची रीत पडली. पुढे सन मायक्रोसिस्टिम्समधल्या कोहसुके कावागुची यांनी 2004 च्या सुमारास हडसन सुरू केले, ते 2011 पासून जेन्किन्स नावाने चालते. आता गिटहब, गिटलॅब यांच्यातच ही सोय असते आणि सामाईक कृती बोलावताही येते.

मग आम्ही दोघींनी एका रविवारी बसून आमची कृती लिहिली. तीन याद्या घ्यायच्या, शाळेच्या रजिस्टरची, आधारवरच्या नावांची आणि बँकेच्या पासबुकांची. प्रत्येक नाव अक्षर-अक्षर ताडून पाहायचे. जुळले नाही तर थांबून सांगायचे. वर्ग ही रिकामी जागा. छोटीने तो लहानसा प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवरच ठेवला. मुलांची नावे इंटरनेटवर जाता कामा नयेत, यावर ती ठाम होती.

पहिल्यांदा चालवला तर सगळे हिरवे! वर्गातली 47 च्या 47 नावे बरोबर. मी खूश झाले, छोटी मात्र गप्प झाली. "भाभी, ज्या मुलीचं नाव चुकलं तेही हिरवं कसं?" शोधले तर कळले की घाईत मी एकच यादी तीनदा उतरवून दिली होती. यंत्र बिचारे त्या यादीची तिच्याशीच तुलना करत होते. छोटी म्हणाली, जी चाचणी कधी नापासच होत नाही ती चाचणी नव्हे. नवी चाचणी लिहिली की आधी मुद्दाम चूक घालून ती लाल होते का ते पाहावे. हे वाक्य मी त्या दिवसापासून माझ्या अध्यापनालाही लावते. ज्या प्रश्नाचे उत्तर सगळेच न समजता देऊ शकतात, तो प्रश्न मला काहीच सांगत नाही.

खऱ्या तीन याद्या दिल्या तेव्हा नऊ नावे लाल झाली. एकात मोहम्मदचे तीन ठिकाणी तीन स्पेलिंग, एकात वडिलांचे नाव आधी, एकात एक 'एच' जास्त.

मग शेजारच्या वर्गाच्या बाजींनी तीच कृती नेली, पुढे आठवीच्या सरांनी. तिथे आणखी एक धडा मिळाला. सरांच्या वर्गासाठी मी मूळ कृतीत एक सूट घातली, मोहम्मद आणि त्याचे लघुरूप एकच मानायचे. त्याबरोबर माझ्या वर्गातली खरी चूक हिरवी दिसू लागली. सामाईक वस्तूचा हा धोका आहे. एकाच्या सोयीचा बदल सगळ्यांना लागू होतो. म्हणून छोटीच्या कंपनीत प्रत्येक बदलाला आवृत्तीचा क्रमांक देतात आणि कोण कोणती आवृत्ती वापरतो ते ठरलेले असते. एका जागी बरोबर चालले म्हणून दुसऱ्या जागी तपासल्याशिवाय वापरू नये, हेही तिने बजावले. 4 जून 1996 ला युरोपचे एरियान-5 रॉकेट उड्डाणानंतर मिनिटाच्या आत नष्ट झाले. त्यात जुन्या एरियान-4 चा एक प्रोग्राम तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा वेग जास्त, तो आकडा जुन्या प्रोग्रामच्या खणात मावला नाही. नव्या उड्डाणमार्गावर त्याची चाचणी झालीच नव्हती.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगते. आपण मोबाइलवर उर्दू वाचतो, मराठी वाचतो. अक्षराला अक्षर कसे जोडायचे हे अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स यांत हार्फबझ नावाचा प्रोग्राम ठरवतो. नाव फारसीतल्या हर्फ़ आणि बाज़ म्हणजे 'खुले अक्षर' यावरून पडले. त्याच्या चाचण्यांचा साचा अगदी साधा आहे. एका ओळीत फॉन्टचे नाव, अक्षरांचे संकेतांक आणि अपेक्षित आकृती. हजारो ओळी, पण तपासणारी कृती तीच. अरबी वळणाच्या लिपीलाही तीच, देवनागरीलाही तीच. माझ्या दोन्ही भाषा तिथे शेजारी बसून परीक्षा देतात, हे ऐकून मला फार बरे वाटले.

पण 'अपेक्षित आकृती' कोण सांगणार? ती यंत्राला माहीत नसते. ती भाषा ज्याला येते त्यानेच सांगायची. आमची उर्दू माध्यमाची मुले समजतात की संगणकाचे जग आपले नाही. मला वाटते, तिथे त्यांची गरज आहे. काफ आणि क़ाफ वेगळे, हे सांगायला त्यांच्याशिवाय कोण आहे?

त्या नऊ नावांचेही असेच झाले. यंत्राने एवढेच सांगितले की जुळत नाही. बरोबर कोणते, ते सांगितले नाही. त्यासाठी मला नऊ घरी जावे लागले. एका घरी आजी ओट्यावर बसल्या होत्या. मी तीन कागद पुढे केले आणि विचारले, "दादी, सही नाम कौनसा?" त्यांनी कागदांकडे पाहिलेही नाही. नातीला हाक मारली. ती आतून "जी" म्हणत आली.

मी वही उघडली आणि जसे ऐकले तसे, आधी उर्दूत, लिहून घेतले.