मांजरेच्या पाण्यातली माती

पाटोद्याजवळ बालाघाटात उगम पावलेली मांजरा लातूरमार्गे आपल्या बीदर जिल्ह्यात येते. पावसाळ्यात बीदरहून औरादला जाताना पुलावर क्षणभर थांबा. गढूळ पाण्यातले भोवरे काळ्या रानांची बारीक माती उचलून धरतात. ओढ आहे तोवर ती तरंगते, पाणी संथ झाले की तळाशी बसते. आपण तिला गाळ म्हणतो, कन्नडमध्ये हूळु. पुढे तेलंगणात १९३१ साली पूर्ण झालेल्या निजामसागराची साठवण सुमारे ३० टीएमसी होती. १९७३पर्यंत ती १२ टीएमसीच्या आत आली. पाण्याची जागा मातीने घेतली. त्यात आपल्याही रानांची माती आहे. बांध राखला, तर शेत टिकते आणि खालचे धरणही.