पाण्यापलीकडचा वासोटा

भूगोलाच्या धड्यावरून घरात विषय निघाला. फिलिपिन्समध्ये ताल नावाचे सरोवर आहे, त्यात एक बेट आहे आणि ते बेट म्हणजे चक्क ज्वालामुखी! जानेवारी 2020 च्या उद्रेकापूर्वी प्रवासी होडीतून तेथे जात आणि डोंगर चढून ज्वालामुखीचे मुख पाहत. धाकटीने विचारले, "अब्बू, आपल्याकडे असं काही नाही का?"

अगदी तसे नाही. पण त्याच्या जवळ जाणारे ठिकाण सातारा जिल्ह्यातच आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडचा वासोटा किल्ला. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबे सांगलीहून निघालो. साताऱ्यात मुक्काम केला आणि फजरनंतर कास पठारावरून बामणोली गाठली. ओळखपत्रे दाखवून वनविभागाची परवानगी घेतली आणि बोटीत बसलो.

दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मध्ये निळेशार पाणी. मुले खिदळत होती. आम्ही बोटवाल्या काकांना सहज विचारले, "तुमचं गाव कोणतं?" त्यांनी पाण्याकडे बोट केले. "ह्याच्याच खाली हाय, सर. धरण झालं अन् गाव उठलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वडील काठावर येऊन बसायचे."

मुले एकदम गप्प झाली.

पलीकडे उतरल्यावर कोयना अभयारण्याचे दाट जंगल लागले. वाट खड्या चढाची; दोन तास लागले. दम खायला थांबलो की आम्ही मुलांना काळा दगड दाखवत होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि थंड होऊन हा बेसॉल्ट बनला. म्हणून येथे तालसारखे मुख दिसत नाही. पण बाबूकड्यावर उभे राहिले की तेच थर एकावर एक रचलेले दिसतात. छाती दडपून जाते. धरतीवर फिरून निर्मितीचा आरंभ कसा झाला ते पाहण्याची कुरआनची शिकवण अशा ठिकाणी नव्याने समजते.

जोहरची वेळ झाली. बाटलीतल्या थोड्याशा पाण्यात सर्वांनी वुजू केला. किब्ल्याकडे तोंड केले तर समोर कोकणाची खोल दरी. नमाजनंतर धाकटी हळूच म्हणाली, "अब्बू, आपल्या नळाचं पाणी इथलंच ना?"

खरे होते. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी सांगलीला येते. महापुरात आम्ही कोयनेला बोल लावतो, उन्हाळ्यात तिचीच वाट पाहतो. घरातल्या दिव्यातही कोयनेची वीज असते. या पाण्यासाठी घरदार सोडलेल्यांपैकी काही कुटुंबे आमच्याच सांगली जिल्ह्यात वसवली गेली. आम्ही मात्र त्यांची कधी विचारपूस केली नव्हती.

अंधारापूर्वी परतावे लागते, म्हणून वेळेत उतरलो. वासोट्याला जरूर जा. पकड असलेले बूट घाला, पाणी पुरेसे घ्या, प्लास्टिक मागे टाकू नका. आणि बोटीत बसल्यावर आपण कुणाच्या तरी अंगणावरून चाललो आहोत, एवढे ध्यानात ठेवा. अल्लाहचे शुक्र मानताना त्या माणसांसाठीही दुआ करा.