बाजार उठल्यावर

शनिवार. काष्टीचा जनावरांचा बाजार उठला. मागं उरलं शेण, वैरणीची चिपाडं आणि रिकामे पाणीपाऊच. शेण-चिपाडं उकिरड्यात जिरतील, पेरणीआधी रानात पडतील. ओल्या कचऱ्याचं गावाला कधी कोडं पडलंच नाही. कोडं आहे ते प्लॅस्टिकचं.

भंगारवाला पत्रा, रद्दी, ठिबकच्या जुन्या नळ्यासुद्धा काट्यावर घेतो. मल्चिंग पेपर, म्हणजे रानात वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद, दाखवला की मात्र नकाराची मान हलवतो. पातळ, मातीनं माखलेला. धुवायचा खर्चही निघत नाही. मग तो पेपर बांधावर पेटतो, नाहीतर वाऱ्यानं बाभळीला लटकतो. २०१८ची राज्यातली प्लॅस्टिकबंदी आली, पण शेतीतलं प्लॅस्टिक वापरात राहिलंच. वापरून झालं, की ते पुढं टाकायचं कुठं?

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा उचलते. आपल्याला एवढा थाट नको. हे प्लॅस्टिक वजनावर घ्यायला बाजारतळावर एक शेड, एक वजनकाटा, दर शनिवारी उघडा. नाहीतरी सारी पंचक्रोशी त्या दिवशी इथं येतेच. बैलाचा सौदा करणारा माणूस किलोमागं रुपया सुटत असेल तर मल्चिंगला काडी लावायचा नाही. उपदेशापेक्षा आमच्याकडं भाव लवकर कळतो.