टोकियोचा जुना बाजार

पुण्यात वस्तू स्वस्त मिळाली, की ती किती स्वस्त मिळाली हे चारचौघांना सांगितल्याशिवाय खरेदी पुरी होत नाही. माझी पंचाईत अशी, की मी जे स्वस्तात मिळवतो ते सांगायची सोयच नाही. "जपानी कार्टून? डीव्हीडीवर? आणि तीही कुणीतरी वापरलेली?" या तीन प्रश्नांतच समोरचा दमतो. भावापर्यंत गाडी येतच नाही.

खरं तर आमच्या पिढीने अ‍ॅनिमे आधी पाहिलं आणि त्याला अ‍ॅनिमे म्हणतात हे नंतर कळलं. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर येणारा मोगली टोकियोच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने काढला होता. आम्ही त्याला आपला समजून बसलो होतो, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

भावाची गोष्ट मात्र मोगलीपेक्षा गुंतागुंतीच्या जंगलातली. जपानमध्ये मध्यरात्रीनंतर लागणाऱ्या मालिकांचं गणित आपल्या डोक्याला उलटं वाटेल असं. काही कंपन्या मिळून निर्मितीची समिती स्थापतात, वाहिनीला पैसे देऊन वेळ घेतात, आणि हा खर्च वर्षानुवर्षं वसूल होत आला तो डिस्क विकून. म्हणजे टीव्हीवर दिसते ती जाहिरात आणि खरा माल दुकानात. घेणारे थोडे, पण हट्टी. म्हणून एका डिस्कवर दोन-तीन भाग आणि किंमत 6,000-7,000 येन. 13 भागांची मालिका पुरी करायची तर 40,000 येनच्या आसपास जातात. तीच मालिका पुढे अमेरिकेत येते तेव्हा सगळे भाग एका पेटीत, 50-60 डॉलरला. चित्र तेच, आवाज तेच, भाव निराळा.

या दोन भावांची गाठ पडू नये, याची सोय रीजन कोडने आपसूक केली होती. एका तुकड्यातली डिस्क दुसऱ्यातल्या प्लेअरवर चालू नये म्हणून डीव्हीडीवाल्यांनी जगाचे तुकडे पाडले: अमेरिका 1, जपान 2, आणि भारत 5, रशिया व आफ्रिकेच्या बऱ्याचशा भागासोबत. ही फाळणी आपल्याकडे कुणी फारशी मनावर घेतली नाही. बरेचसे साधे प्लेअर रिमोटवर दोन-चार बटणं दाबली की सगळ्या देशांचे होतात. ब्लू-रे आली तेव्हा अमेरिका आणि जपान एकाच 'ए' विभागात आले आणि मधली भिंतच पडली. मग जपानी ग्राहकच अमेरिकेतून स्वस्त पेट्या मागवतील या धास्तीने काही कंपन्यांनी अमेरिकेतला भाव जपानच्या जवळ नेऊन ठेवला. स्वस्ताई पसरण्याऐवजी महागाईच पलीकडे गेली.

ब्रिटनची गंमत वेगळी. त्यांचा रीजन जपानसारखाच 2, पण टीव्हीची पद्धत आपल्यासारखी पाल. सेकंदाला 24 चौकटींचा सिनेमा तिथे बहुधा 25 च्या वेगाने धावतो. दोन तासांचा चित्रपट पाचेक मिनिटं आधी संपतो आणि सगळी माणसं किंचित बारीक आवाजात बोलतात. डिस्क स्वस्त मिळते, पण पाच मिनिटांची घाई पदरात पडते. घिबली स्टुडिओच्या मियाझाकीच्या चित्रपटात माणसं नुसती गवतात बसून वारा पाहत असतात, तिथे ही घाई मला सोसत नाही.

अमेरिकन पेट्यांचं धोरण हापूससारखं: थांबलं की भाव उतरतो, फार थांबलं की पाऊस पडून मोसमच संपतो. आधी सुटे भाग, मग पेटी, मग पातळ केसमधली पेटी, मग सवलतीची आवृत्ती. आयोवातल्या राइट स्टफ या जुन्या दुकानाचा नाताळातला सेल हा आमच्यासारख्यांचा सण होता. पण डिस्क काढणाऱ्या कंपन्यांपैकी 2007 मध्ये जिनिऑनने अमेरिकेतला पसारा आवरला, 2009 मध्ये एडीव्ही मिटली, आणि "पुढच्या सेलला घेऊ" म्हणून ठेवलेल्या कितीतरी मालिका एकदम दुर्मीळ झाल्या. राइट स्टफही 2022 मध्ये क्रंचीरोल या ऑनलाइन अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या कंपनीने घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याची पाटी उतरली.

म्हणून माझी ओढ जुन्या मालाकडे, थेट जपानच्या. मांदाराके हे दुकान 1980 मध्ये टोकियोच्या नाकानो भागात सुरू झालं, सुरुगाया शिझुओकाचं. तिथल्या नोंदी वाचणं हा माझा रात्रीचा विरंगुळा आहे. खरेदी हे निमित्त. विकणारा आपल्याच मालाचे दोष असे सांगतो, की संकोच आपल्याला वाटावा. केसची पाठ उन्हाने फिकटलेली. बाहेरचा कागदी पट्टा नाही. पुस्तिकेच्या कोपऱ्याला दुमड. डिस्कवर बारीक ओरखडा, चालण्यात अडचण नाही. या चार ओळींतून मला एक खोली दिसू लागते. पश्चिमेची खिडकी, भिंतीला लावलेलं फडताळ, पगारातून दर महिन्याला एक अशा ओळीने लावलेल्या डिस्क आणि वर्षानुवर्षं त्यांच्या पाठीवर उतरणारं दुपारचं ऊन. मग बदली झाली असेल, लग्न झालं असेल, घर लहान पडलं असेल. ज्याने 7,000 येन मोजले त्याच्या हौसेचा हा उतार मला 500 येनला मिळतो. यात थोडी लाज आहे, पण मी ती भावात धरत नाही.

येनही आमच्या बाजूने झुकला आहे. 2012 मध्ये 100 येनला 70 रुपयांच्या आसपास पडत. 2024 च्या जुलैत ते 52 वर आले. पण 500 येनच्या डिस्कला टपालखर्च तिच्या तिप्पट-चौपट लागतो. कसब आहे ते इथे. परदेशी न पाठवणाऱ्या दुकानांचा माल मध्यस्थाच्या जपानमधल्या गोदामात साठवत जायचा, पुरेसा झाला की एकच खोकं करायचं, आणि घाई नसेल तर ते जहाजाने निघू द्यायचं. दोन-तीन महिने ते समुद्रावर असतं. मधे कस्टम्स आहेच. तो आकडा पोस्टमन दारात सांगतो. हे सगळं जोडून मगच स्वस्त म्हणायचं.

आणखी एक गोष्ट आधी तपासावी लागते. जपानी डिस्कवर बहुधा इंग्रजी सबटायटल नसतात. घिबलीच्या डिस्कवर असतात, त्यामुळे तिथून सुरुवात केलेली बरी. तरी 2002 ची 'स्पिरिटेड अवे'ची जपानी डीव्हीडी फार स्वस्त दिसली तर भुलू नका. तिच्या चित्रावर तांबूस छटा आहे, आणि तिथल्या ग्राहकांनी त्यावरून कोर्ट गाठलं होतं.

"हे सगळं आता ऑनलाइन मिळतं ना?" असं भाचा विचारतो. मिळतं, पण मिळालेलं तसंच राहत नाही. 1995 च्या 'इव्हँजेलियन'च्या भागांच्या शेवटी 'फ्लाय मी टू द मून' वाजायचं. 2019 मध्ये ही मालिका नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा जपानबाहेर बहुतेक ठिकाणी ते गाणं काढलेलं होतं. जुन्या डिस्कवर ते आहे. आणि फनिमेशन या अमेरिकन कंपनीने डिस्कसोबत दिलेल्या डिजिटल प्रती 2 एप्रिल 2024 रोजी अ‍ॅपबरोबरच गेल्या.

शेवटी एकच विनंती. सगळी मालिका एका खोक्यात, सर्व रीजन चालेल, नवी कोरी, आणि भाव जपानी एका सुट्या डिस्कएवढा, असं काही दिसलं तर ते घेऊ नका. ती चोरटी प्रत असते. सबटायटल कुणीतरी चिनीवरून उरकलेले असतात, इतके की पात्रांची नावंही चिनी उच्चारात येतात, आणि चित्र काढणाऱ्याला त्यातला छदामही मिळत नाही. त्याच पैशात फिकटलेल्या पाठीच्या चार अस्सल डिस्क येतात. त्या घ्या.