पाणी बघायला कोकणात

मैत्रिणींनो, सहलीचे नाव काढले की आपल्या शेतकऱ्याच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो जनावरांचा. धार कोण काढणार, वैरण कोण टाकणार? दुसरा प्रश्न पैशांचा. हे दोन प्रश्न सुटेपर्यंत मुलांची सुट्टी संपते आणि सहल पुढच्या वर्षावर जाते. आमच्या घरी ती अशी बारा वर्षे पुढे जात होती. यंदाच्या मे महिन्यात मात्र जमले. जाऊबाईंनी दोन्ही म्हशी सांभाळायचे कबूल केले, धाकट्या दिरांनी आपली जुनी जीप दिली, आणि आम्ही पाच माणसे पाच दिवसांसाठी कोकणात उतरलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

आमचे गाव माण तालुक्यातले. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर आम्ही ते वर्ष चांगले म्हणतो. कालव्याचे पाणी आमच्या शिवारापर्यंत आलेले नाही. दोन बोअर मारल्या, दोन्ही आटल्या. तिसरीसाठी ह्यांनी शेळ्या विकून थोडे पैसे बाजूला ठेवले होते आणि उरलेले कर्जाने काढायचे चालले होते. माझ्या मनातून ते नव्हते. पण दुसरा उपाय मला तरी कुठे माहीत होता? तेव्हा मी गप्प होते.

सहलीचा हट्ट मुलांपेक्षा आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. वय सत्तरीच्या पुढे, सारा जन्म डोक्यावर हंडा. त्यांचे एकच म्हणणे होते, "मला समुद्र दावा. एवढं पाणी एका जागी कसं ऱ्हातं, ते एकदा बघू द्या."

कोयनेच्या काठाने

पहाटे भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचे दोन कॅन घेऊन निघालो. वडूज, पुसेसावळीवरून कऱ्हाडला आलो तेव्हा ऊन वर आले होते. प्रीतिसंगमावर पाय धुतले. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. शेजारी यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तिथे घटकाभर बसलो आणि मग कोयनेच्या काठाकाठाने पाटणच्या वाटेला लागलो.

कोयनानगरच्या बागेतून धरणाची भिंत दिसते. १०३ मीटर उंच, आणि पाठीमागे शंभर टीएमसीहून अधिक पाणी मावेल एवढा शिवसागर. आत्याबाईंना आठवला तो भूकंप. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. त्या तेव्हा माहेरी होत्या. फळीवरची भांडी खाली आली, असे त्यांनी मुलांना सांगितले. या खोऱ्यात तर घरेच्या घरे झोपली आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली.

नववीतल्या थोरल्याने आणखी एक गोष्ट सांगितली. कोयना ही पूर्वेकडे वाहणारी नदी. पण धरणातले बरेचसे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात, त्यावर वीज करतात, आणि ते पाणी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतून समुद्राला जाते. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असे पश्चिमेकडे सोडायची मुभा कृष्णा लवादाने दिलेली आहे. आत्याबाई जरा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आपल्याकडं येनारं पानी तिकडं गेलं म्हना की." हे म्हणाले, "आई, त्याच्यावरच तर आपली मोटार चालते." त्यावर आत्याबाईंनी विचारले, "मोटार हाय रं. पर तिला उपसायला पानी कुठाय?" गाडीत कोणी काही बोलले नाही.

कुंभार्ली घाट उतरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या गिअरात चढ चढतो त्याच गिअरात उतार उतरावा. नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नये. ह्यांनी गाडी इतकी सावकाश घेतली की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून दमला. पण घाटाच्या वळणावर थांबून खाली पाहिले तेव्हा कळले की ही घाई करायची जागाच नाही. एका बाजूला आपला उघडा माळ, दुसऱ्या बाजूला झाडीने भरलेली खोल दरी. रात्री चिपळूणला मुक्काम केला. त्या गावाने २२ जुलै २०२१चा महापूर पाहिलेला आहे. हॉटेलवाल्याने भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर चढले होते ते दाखवले. त्याचा हात माझ्या डोक्याच्या वर होता.

खारे आणि गोडे

दुसऱ्या दिवशी गुहागरला आत्याबाईंना समुद्र दिसला. सुरूच्या झाडांतून पुढे गेलो आणि एकदम सगळे निळेच. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन हात जोडले. मग ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि लगेच थुंकून टाकले. "खारंच हाय की गं! मग एवढ्याचा उपेग काय?" धाकटी हसून हसून वाळूत लोळली.

उपयोग कशाचा, ते मागच्या आगरात पाहिले. आगर म्हणजे नारळ-सुपारीची बाग. वर नारळ, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेला मिरीचा वेल, आणि सावलीत जायफळ. एकाच जमिनीत चार मजली पीक! आणि या सगळ्याला पाणी कुठले, तर समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरीचे, तेही गोडे. पावसाचे पाणी वाळूत मुरून राहते आणि त्याच्या भाराने खारे पाणी मागे हटलेले असते. उपसा हावरेपणाने केला तर मात्र खारे पाणी आत शिरते. आगरवाले काका म्हणाले, "विहिरीला विश्रांती द्यावी लागते, वहिनी. बैलाला देतो तशीच."

तिथून हेदवीच्या गणपतीचे दर्शन घेऊन तवसाळला आलो आणि जीपसकट फेरीबोटीत चढलो. पलीकडे जयगड. रस्त्याने जायचा मोठा वळसा वाचतो आणि मुलांची मोठी मौज होते. आत्याबाईंनी मात्र पूर्ण खाडी ओलांडेपर्यंत जीपचा दांडा सोडला नाही.

कातळावरचा आंबा

माझा धाकटा भाऊ पावसजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आपल्याकडची पुष्कळ मुले अशी कोकणात नोकरीला असतात. तिसरा दिवस त्याच्या बिऱ्हाडी काढला.

तुम्ही हापूस खाल्ला असेल, पण त्याची जमीन पाहिली आहे का? मी पाहिली आणि चकित झाले. काळा, भाजलेल्या विटेसारखा जांभ्याचा कातळ. त्यात सुरुंगाने खड्डे पाडायचे, दुसरीकडून माती आणून ते भरायचे आणि कलम लावायचे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून प्रत्येक कलम जगवायचे. १९९०पासून रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळू लागले आणि अशा कातळावरही बागा उभ्या राहिल्या. तरी निसर्गाचा भरवसा नाही. मोहोर आला की ढगाळ हवा, तुडतुडे आणि फुलकिडी. फळ धरले की वानरे. फळ उतरले की आत साका निघायची भीती. घरमालकांच्या बागेत राखणीला नेपाळचे गडी होते. झेल्याने एक-एक आंबा देठासकट उतरवून ते पाटीत अलगद ठेवत होते. पेटीचा भाव ऐकून आपण डोळे मोठे करतो. त्या पेटीमागे काय आहे, ते इथे येऊन पाहावे.

विहिरीवर

चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती कळश्यांच्या आवाजाने. घरमालकीण आजी पाण्याला निघाल्या होत्या. मी आणि आत्याबाई त्यांच्याबरोबर गेलो. पाणंदीतून, दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून खाली उतरत गेलो. विहिरीवर पंधरा-वीस बायका नंबर लावून बसल्या होत्या. तळाशी हातभर पाणी. एकीने पोहरा भरायचा आणि पाणी पुन्हा साठेपर्यंत दुसरीने थांबायचे.

आत्याबाईंना ते खरे वाटेना. या मुलखात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आमच्या सहापट. "आगं, हितं एवढा पाऊस, आन् हंडा तुझ्याबी डोक्यावर हाय व्हय?"

आजी म्हणाल्या, "पावसात पाणी आमच्या ओटीला लागतं बाय, आणि मे महिन्यात आम्ही पाण्याच्या मागं."

सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरांवर. उतार मोठा आणि नद्या आखूड. डोंगरावर पडलेले पाणी अडवले नाही तर ते बघता बघता समुद्राला मिळते. जांभ्यात मुरते तेही भेगांतून झिरपत खाली निघून जाते. पाऊस भरपूर, पण त्याला थांबायला जागा नाही.

आत्याबाईंनी पोहरा हातात घेतला आणि आजींच्या दोन्ही कळश्या स्वतः भरून दिल्या. एकीला दुसरीची बोली नीट कळत नव्हती. तरी परत येताना दोघी बोलतच होत्या.

दुपारी भावाने शेजारची वाडी दाखवली. तोच पाऊस, तोच कातळ; पण तिथल्या विहिरीत पुरुषभर पाणी. कारण विचारले तर त्याने पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर नेले. दिवाळीनंतर ओढ्याची धार बारीक झाली की त्या वाडीतले लोक, चाकरमान्यांच्या म्हाताऱ्या आयांसकट, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून आडवा बांध घालतात. शाळेची मुलेही पोती द्यायला जातात. एका दिवसाचे काम आणि चहापोह्यांचा खर्च. साठलेले पाणी शेजारच्या विहिरींना उतरते. वरच्या वाडीत भाऊबंदकीमुळे दोन वर्षे बांध पडला नव्हता. हे बराच वेळ त्या पोत्यांकडे पाहत उभे राहिले.

समुद्रातल्या विहिरी

त्याच संध्याकाळी राजापूर, कणकवलीवरून मालवण गाठले. पाचव्या दिवशी सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. पावसाळ्यात या होड्या बंद असतात, म्हणून जायचे तर आधी जा. २५ नोव्हेंबर १६६४ला शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचे काम सुरू केले. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! आत्याबाईंनी इथलेही पाणी चाखले. या वेळी थुंकले नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दंडक आहे, की गड बांधताना आधी पाणी पाहावे, आणि झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. टाकी बांधून पाणी साठवावे. ज्यांच्याकडे राज्य होते तेसुद्धा एका झऱ्याच्या भरवशावर राहत नव्हते.

परतताना सावंतवाडीत धाकटीने लाकडी खेळणी घेतली आणि आम्ही आंबोलीचा घाट चढलो. राज्यातला सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या गावांपैकी हे एक. इथे गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते आणि समुद्र इतका जवळ असून पाठ फिरवून पूर्वेला, आपल्या देशाकडे निघते. घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळते. त्या थंड पाण्यात पाय सोडून आत्याबाई सहज म्हणाल्या, "बहात्तरला आम्ही पाझर तलावावर माती वाहिली. सुकडी खाऊन दिवस काढलं. आता त्या तलावात पोरं क्रिकेट खेळत्यात. गाळानं भरून गेला, कुनी बघितलं न्हाई. आन् तुम्ही खाली भोकं पाडत बसलाय."

हे काहीच बोलले नाहीत. आजऱ्याच्या पुढे गेल्यावर मला म्हणाले, "बोअरचं राहू दे."

घरी आल्यावर

शेळ्यांच्या पैशांत आणखी सात घरांनी भर घातली. ग्रामपंचायतीत ठराव झाला, परवानगी मिळाली, आणि मेच्या शेवटच्या पंधरवड्यात आमच्या पाझर तलावातला गाळ निघाला. जेसीबीचे भाडे आम्ही भरले आणि ज्याने-त्याने आपल्या ट्रॉलीने गाळ आपल्या रानात नेला. आमच्या मुरमाड तुकड्यावर वीतभर काळी माती पसरली आहे. आत्याबाई रोज काठी टेकत बांधावर जाऊन बसायच्या. जेसीबीवाल्या पोराला सांगायच्या, "हितं जपून. हितली पिचिंग आमच्या हातची हाय."

विहिरीला किती पाणी येईल, ते पाऊस ठरवील. पण पहिला मोठा पाऊस झाला की तो थांबेल अशी एक जागा आता आमच्या शिवारात आहे.

तुम्हीही जा, मैत्रिणींनो. मेच्या पहिल्या आठवड्यात जा. तेव्हा आंबा असतो आणि विहिरींचा तळही दिसतो. घरगुती खानावळीत जेवा. सोलकढी आणि कुळथाची पिठी सोडू नका. कोणाच्या बागेतला पडलेला आंबासुद्धा विचारून घ्या. जमले तर एखाद्या पहाटे विहिरीवर जा आणि तिथल्या बाईची एक कळशी भरून द्या.