रस्त्याचे छप्पर

रस्ता आपण रोज तुडवतो. पण त्याच्याकडे आपले लक्ष कधी जाते? खड्ड्यात पाय गेला, की मगच!

आमच्या मोहल्ल्यातील रस्ता डांबरी आहे. मी रोज त्याच रस्त्याने सायकलवरून शाळेत जातो. एकदा तेथे दुरुस्तीचे काम चालू होते. मी तेथील वयस्कर मुकादमांना विचारले, "मामा, रस्ता पावसाळ्यातच का उखडतो?" ते हसून म्हणाले, "गुरुजी, डांबर म्हणजे रस्त्याचे छप्पर. छप्पर गळू लागले, की घर खचणारच!"

मुकादमांचे म्हणणे खरे आहे. डांबराखाली मुरूम व खडी यांचे थर असतात. वाहनांचे ओझे तेच पेलतात. डांबर त्यांना कोरडे ठेवते. पण ऊन आणि हवा यांमुळे डांबर हळूहळू कडक होते व त्याला भेगा पडतात. भेगांतून पाणी आत शिरते. डांबर खडीपासून सुटते, खालचा थर मऊ होतो. त्यावरून जड वाहने गेली, की खड्डा पडतो. थेंबे थेंबे तळे साचते, तसा थेंबे थेंबे खड्डाही पडतो.

म्हणून पावसाळ्यापूर्वी भेगा साफ करून त्या डांबराने बुजवाव्या लागतात. हे काम नगरपालिकेचे आहे. परंतु गटारात कचरा न टाकणे आपल्या हाती आहे. गटार तुंबले, की पाणी रस्त्यावर साचते. रस्त्यावर डिझेल किंवा रॉकेल सांडू नये. डांबर खनिज तेलापासूनच मिळते, त्यामुळे ते अशा तेलात विरघळते.

मोहल्ल्यात एका लग्नाच्या मंडपासाठी पहारीने रस्त्यात भोके पाडली होती. ती कोणीच बुजवली नाहीत. पावसाळ्यात तेथे मोठा खड्डा झाला. त्यात साचलेल्या पाण्यामुळे तो दिसेना. शाळेत निघालेली आठवीतील एक मुलगी त्यात पडली. तिचा उजवा हात मोडला. सहामाही परीक्षेच्या वेळी ती घरीच बसून होती.

पुढच्या लग्नात मोहल्ल्यातील तरुणांनी मंडपाचे खांब वाळूने भरलेल्या डब्यांत उभे केले. मंडप तितकाच शोभला आणि रस्त्याला ओरखडाही पडला नाही.

वाटेतला दगड बाजूला करणे हे पुण्याचे काम आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग वाटेत खड्डा पडू न देणे, हे त्याहून लहान काम कसे असेल?