लेणी पाहिली, मिसळ खाल्ली

नाशिकची त्रिरश्मी लेणी पाहायची तर सकाळी लवकर निघावे. दोनेकशे पायऱ्या आहेत, ऊन चढले की म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. गेल्या थंडीत आम्ही सातपूरहून सासूबाईंना घेऊन गेलो. तिकीट लागते, पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही.

लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथे काही संबंध नाही. एकंदर २४ लेणी, बहुतेक सगळी भिक्खूंसाठी कोरलेली. तिसऱ्या लेण्याचे दान गौतमी बलश्रीने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने दिले. तिथे सहा यक्षांनी ओसरी खांद्यावर पेलली आहे. सासूबाईंनी उभा जन्म बांधकामावर घमेली वाहिली. त्या म्हणाल्या, "एक चुंबळ तरी द्यायची की गं यांना!"

राजाराण्यांचे लेख सगळे दाखवतात. आम्हांला आठवे लेणे जास्त आवडले. लहानच आहे, गर्दी थांबत नाही. ते मुगुदास नावाच्या कोळ्याने परिवारासह दान केले, असे तिथल्या लेखात आहे. अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्याच्या दारावर तर धंभिक गावचे दान कोरले आहे. अख्ख्या गावाचे!

दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापणे कायमची ठेव ठेवली, व्याज दरमहा शेकडा १. त्यातून २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे मिळायची. आठवीतल्या मुलीने तिथेच हिशेब केला: वर्षाचे व्याज २४०, भागिले २०, बरोबर १२. मिस्टर कंपनीच्या पतपेढीत आहेत, ते म्हणाले, विणकरांची पत मोठी असणार, नाहीतर राजाचा जावई त्यांच्याकडे पैसा ठेवील कशाला?

खाली उतरल्यावर मिसळ खायला गेलो. मटकीची उसळ, शेव, झणझणीत रस्सा, पापड, वाटीभर दही. सासूबाई आधी दाराशीच थबकल्या. त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांचे कप बाहेर खुंटीला असायचे, पिऊन आपणच विसळून ठेवायचे. मुलीने हात धरून त्यांना मधल्या टेबलावर बसवले. वेटरने सगळ्यांसारखाच ग्लास पुढे ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून नीट पाहिला, मग पाणी प्यायल्या.

रस्सा त्यांनी दोनदा मागितला. पाव मात्र नको म्हणाल्या, पिशवीतली भाकरी काढली आणि त्यातच कुस्करली.